मे महिना, परभणी आणि निसर्ग शिबिर

उन्हाळ्याच्या सुट्टीत आईबाप आणि मुलं मिळून बागेत जातात, कुणी जाणकार त्यांना झाडं-पाखरं दाखवतो, मुलं वहीत पानांची चित्रं काढतात, असे कार्यक्रम पुण्या-मुंबईत आता नवे राहिलेले नाहीत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं गोरेगावला निसर्ग शिक्षण केंद्र आहे. धारावीला लागून, जुन्या कचरा डेपोवर माती टाकून उभं केलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. परभणीत असं काही व्हावं का, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत आणि दोन्ही मोठ्या आवाजात मांडली जातात. एक माझ्या धाकट्या बहिणीचं. ती पुण्याला असते, मे महिन्यात मुलीला घेऊन माहेरी येते. दुसरं माझ्या बायकोचं. ती पालम तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. बहीण हिला ‘वहिनी’ म्हणते, ही तिला ‘ताई’ म्हणते. इथंही तीच नावं ठेवतो. माझ्याकडं फक्त पंख्याचा वेग वाढवायचं काम होतं, तेही लाईट असेल तेव्हा.

ताई: वहिनी, सकाळी राजगोपालाचारी उद्यानात गेले होते. माणसं गोल गोल चालतायत. वर कोकीळ गळा फाडून ओरडतोय, पण एकानंही मान वर केली नाही. लेकरांना कुणी सांगत नाही की हा ओरडणारा नर आहे आणि मादी कावळ्याचं घरटं हेरत कुठंतरी गप्प बसलीय.

वहिनी: ती माणसं शुगर कमी करायला आलेली असतात ताई. डॉक्टरनं वर बघायला सांगितलेलं नाही.

ताई: थट्टा सोडा. आमच्या पुण्यात सुट्टी लागली की अशा कार्यक्रमांच्या जाहिराती सुरू होतात. पालकांसह यायचं, सकाळी तीन तास. परभणीत काय होतं? क्रिकेट कोचिंग, स्कॉलरशिपचे क्लास, नाहीतर मोबाईल.

वहिनी: अन् मामाचं गाव. ते विसरलात. तुमची लेक आता तिथंच आलीय ना? पहाटे आजीसोबत गच्चीवर पापड वाळत घालते, चिमण्यांसाठी परळात पाणी भरते, दुपारी पडवीत झोपते. ह्याला शिबिर म्हणून फी लावली असती तर तुम्ही हजार रुपये भरले असते.

(इथं बहीण हसली आणि पहिला मुद्दा वहिनीला गेला. पुढचे इतक्या सहज गेले नाहीत.)

ताई: सगळ्यांना मामाचं गाव राहिलंय का? मामाच पुण्यात रांजणगावला कंपनीत लागलाय. वसमत रोडच्या, जिंतूर रोडच्या नव्या कॉलन्यांमधल्या मुलांना विचारा, बाभूळ आणि हिवर यांतला फरक. त्यांच्या आईबापांनाच विचारा. आईबाप शेतकऱ्याच्या घरचे, पण शेतातून सुटायचं म्हणून शिकले. त्यांनी मुद्दाम विसरल्यासारखं केलंय.

वहिनी: विसरणारच. रानात काय सुख होतं? गंगाखेडच्या जनाबाईला रान ठाऊक झालं ते गोवऱ्या वेचून. माझ्या आईला झाडं ठाऊक, कारण सरपण तिलाच आणावं लागायचं. कोणतं लाकूड धूर करतं, कोणतं भडकन पेटतं, कोणत्या काट्यानं पाय पिकतो. तुमचं निसर्गप्रेम सिलेंडर आल्यावरचं आहे.

ताई: असेल. पण सिलेंडर आला म्हणून ती माहिती टाकून द्यायची का?

इथं मला मध्ये बोलावंसं वाटतं. वहिनीचं म्हणणं ऐकायला कडू असलं तरी परभणीत त्याला वजन आहे. हा जिल्हा राज्यात अगदी कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. इथं अभयारण्य नाही. जिंतूरकडच्या डोंगरांवर आणि गंगाखेडच्या बाजूनं बालाघाटाच्या उतारावर थोडी झाडी आहे, बाकी सगळी काळी रानं. परभणीच्या माणसाला निसर्ग भेटतो तो सातबाऱ्यावरचा. त्यात कर्ज असतं, बोअरला पाणी लागेल की नाही हा घोर असतो. बागेतल्या निसर्ग कार्यक्रमाला येणाऱ्या बापाच्या मनातून हा घोर काढून टाकता येत नाही. म्हणून पुण्याचं पत्रक आणून त्यावर फक्त गावाचं नाव बदलायचं, ही कल्पना मला पहिल्यापासून पटलेली नव्हती. बहिणीला ते मी सांगितलंही, पण तिचं लक्ष वहिनीकडं होतं.

वहिनी: अन् मुख्य गोष्ट, ऊन. मे महिन्यात चव्वेचाळीसला पारा जातो. सकाळी नऊला डांबर तापतं. अमेरिकेत, इंग्लंडात उन्हाळा म्हणजे घराबाहेर पडायचे दिवस. बर्फ वितळलेला, गवत हिरवं, नदीला पाणी. तिथं उन्हाळ्यात बागांतून कार्यक्रम होणारच. आपल्याकडं बाहेर पडायचे दिवस दिवाळीनंतरचे. डिसेंबर-जानेवारीत शेतात आगटी पेटवायची, गोवऱ्यांच्या धगीत ज्वारीची कणसं भाजायची, तळहातावर चोळून हुरडा खायचा. आजोबा, नातवंडं, जावई, शेजारी, सगळे. परभणीचा खरा कौटुंबिक निसर्ग कार्यक्रम तो. त्यांचा हंगाम वेगळा, आपला वेगळा. सुट्टी मे महिन्यात असते म्हणून निसर्गही मे महिन्यात बघायचा, हे वेळापत्रक निसर्गानं केलेलं नाही.

ताई: पण हुरड्याला लोक निसर्ग बघायला जातात का? चटणी, दही, गूळ, फोटो. आता तर तिकीट लावून हुरडा पार्ट्या होतात. आणि जानेवारीत शाळा असते, आईबापांना रजा नसते. वहिनी, मे महिन्यात परभणीत बघण्यासारखं काही नाही, असं तुम्ही धरून चाललाय. मी यादी सांगते. बहावा पिवळा झालेला असतो. गुलमोहर लाल. तो मादागास्करचा पाहुणा आहे, हेही मुलांना सांगता येतं. कडुनिंबाला हिरव्या निंबोळ्या लगडलेल्या. टिटवी उघड्या रानात ढेकळांमध्ये अंडी घालून बसलेली...

वहिनी: टिटवीचं मला सांगू नका. उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस बक्कळ, सखल जागी घातली तर पाऊस कमी. माझे वडील दर उन्हाळ्यात बघून यायचे.

ताई: आणि पाऊस तसा व्हायचा?

वहिनी: कधी व्हायचा, कधी नाही. पण बघायला जायचे, हे खरं.

ताई: मला तेच हवंय! बघायला जायचे. आता पुढची गोष्ट ऐका. जमीन भाजून निघते तेव्हा टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि परत येऊन अंड्यांवर बसते, अंडी गार ठेवायला. उबवायचं सोडून गार करायचं. हे थंडीत दिसणार नाही. चव्वेचाळीस अंशांतच दिसणार. तुम्ही ज्या उन्हाला घाबरताय ना, त्या उन्हात जगायचं कसं हे प्रत्येक झाडानं, पाखरानं शोधून काढलंय. परभणीतल्या मुलाला याहून उपयोगाचा धडा कुठला?

(वहिनी यावर थोडा वेळ बोलली नाही. शाळेत शिकवणाऱ्या बाईला टिटवीच्या पोटाची गोष्ट लगेच वर्गात दिसू लागली असावी.)

ताई: आणि भेगा. काळ्या रानाला पडलेल्या भेगा हा काय कमी चमत्कार आहे? दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर पसरले, त्या काळ्या दगडाची झिजून ही माती झाली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हानं आकसते. मे महिन्यात लहान मुलाचा हात कोपरापर्यंत आत जाईल अशी भेग पडते. वरची भुसभुशीत माती त्या भेगेत पडते, पाऊस आला की खालची फुगून वर येते. जमीन स्वतःच स्वतःला खालीवर करते.

वहिनी: हात घालायला लावू नका म्हणजे झालं. विंचू असतो. साप असतो. शिबिरातल्या लेकराला काही झालं तर बाग महापालिकेची, कार्यक्रम तुमचा, अन् दवाखाना शोधत फिरणारी आई.

ताई: काठी घालू. किती खोल जाते ते मोजू.

वहिनी: काठी चालेल. अन् हेही सांगा, की वळवाचा पहिला पाऊस येतो तेव्हा पाणी वाहून न जाता ह्या भेगांतून आत उतरतं. शेतकरी त्या पावसाची वाट का बघतो, ते लेकराला कळू द्या. निसता चमत्कार सांगू नका.

इथपर्यंत मला वाटलं होतं की तडजोड होत आली. तेवढ्यात बहिणीनं तंबूचा विषय काढला. एक रात्र मुक्काम, शेकोटी, चुलीवरची भाकरी, आकाशदर्शन. पुण्याच्या शिबिरांत मुलांना हेच सर्वांत आवडतं म्हणे. वहिनी ताठ बसली.

वहिनी: माझ्या वर्गात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली लेकरं आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईबाप कारखान्याला जातात, पाडव्याच्या आगंमागं परत येतात. काही लेकरं गावात हंगामी वसतिगृहात थांबतात, काहींना सोबत नेतात, कारण धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागतं. तिथं उसाच्या पाचटाची कोपी, तीन दगडांची चूल, रात्री दोनला गाडी भरायला उठणं. हा तुमचा मुक्काम त्यांनी हंगामभर केलेला असतो. आकाश तर रोजचंच. मे महिन्यात घरी आल्यावर त्या लेकराला काय पाहिजे ठाऊक आहे? पक्कं छप्पर अन् पंखा. तंबूत झोपवायचे पैसे तुम्ही एकाकडून घेणार, अन् दुसरा तसाच बिनपैशानं झोपून आलाय, ह्याचं तुम्हाला काही वाटत नाही?

ताई: वाटतं. पण वहिनी, त्या मुलाला जे माहीत आहे ते कुणी विचारतं का? जुन्नर-शिरूरकडं तोडणीच्या वेळी फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. आमच्याकडची मुलं पैसे भरून बिबट्यावरचं व्याख्यान ऐकतात. तुमच्या वर्गात तो फड बघून आलेला मुलगा बसलेला असेल.

वहिनी: असतो. सांगतोही. पण कौतुकानं नाही सांगत, भ्यालेल्या आवाजात सांगतो. आई कोयता घेऊन फडात असते अन् बहीण बांधावर झोपलेली असते, म्हणून.

यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं आणि तसं ते नसावंच. निसर्ग शिक्षणाच्या पुस्तकांत निसर्गापासून तुटलेल्या मुलाचा विचार केलेला असतो. अमेरिकेतल्या रिचर्ड लूव्ह यांनी २००५ मध्ये ‘लास्ट चाइल्ड इन द वूड्स’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हापासून मुलांमधल्या निसर्गाच्या कमतरतेबद्दल जगभर बोललं जातं. परभणी जिल्ह्यात ही कमतरता असलेली मुलं आहेत, कॉलन्यांमधून वाढतायतही. पण त्याच जिल्ह्यात निसर्गाचा अतिरेक सोसलेलीही मुलं आहेत, आणि दोघांची सुट्टी एकाच महिन्यात येते. एकच कार्यक्रम दोघांना बोलावणार असेल तर त्यात मुक्काम, शेकोटी आणि फी या तीन गोष्टी बसत नाहीत. बहीण मुक्काम सोडायला तयार झाली, फीवर मात्र अडली. जाणकार माणसाला मानधन द्यायला नको का, म्हणाली. द्यायलाच हवं. ते पालकांच्या खिशातून जावं की महापालिकेच्या, एवढाच प्रश्न आहे आणि माझं उत्तर महापालिकेच्या असं आहे.

वहिनी: अन् जाणकार म्हणजे कोण? पुण्याहून दुर्बीण घेऊन येणारा?

ताई: का? दुर्बिणीनं काय बिघडतं?

वहिनी: काही नाही. पण माणूस पुण्याहून आला की त्याला पहिली अडचण इथल्या नावांची. आमच्याकडची म्हातारी माणसं आवाजावरून पाखरू ओळखतात. पावशा ओरडला की ‘पेर्ते व्हा’ म्हणतोय, हे लेकरांना कुठल्याही पुस्तकाआधी आजीकडून कळतं. त्या आजीला खुर्ची द्या, लेकरांना तिच्याभोवती बसवा.

ताई: मला मान्य आहे. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत तेच केलं. जंगलातल्या माणसांकडून झाडा-पाखरांची नावं गोळा केली. पण वहिनी, आजी म्हणते कोकिळा गाते. गातो तो नर. आजी म्हणते टिटवीवरून पाऊस कळतो. मग आजीशेजारी दुसरी खुर्ची ठेवावी लागेल, शास्त्र सांगणाऱ्याची. ती रिकामी ठेवून चालणार नाही.

वहिनी: ठेवा. पण बोलायला आधी आजी.

परभणीत ही दुसरी खुर्ची भरायला बाहेरून माणूस आणायची गरज नाही, हे दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. १८ मे १९७२ ला स्थापन झालेलं, आता वसंतराव नाईकांच्या नावानं ओळखलं जाणारं मराठवाडा कृषी विद्यापीठ गावात आहे. मातीचे, किडींचे, हवामानाचे, झाडांचे अभ्यासक तिथं पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. निवृत्त झालेले बरेच जण इथंच घरं बांधून राहिलेत आणि पहाटे फिरायला जातात. शिवाय दर १८ मेला, वर्धापनदिनी, विद्यापीठात खरीप पीक मेळावा भरतो. ऐन उन्हात मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून शेतकरी येतात, बियाणं घेतात, तज्ज्ञांना प्रश्न विचारतात. मे हे बाहेर पडायचे दिवस नव्हेत, या वहिनीच्या म्हणण्याला हे चालतंबोलतं उत्तर आहे. फक्त तिथं अजून मुलांसाठी कोपरा नाही, तो असावा असं मला वाटतं. बाप सोयाबीनच्या बियाण्याच्या रांगेत असताना पोरगी तुरीच्या मुळावरच्या गाठी भिंगातून बघू शकते.

हे मी बोलून दाखवल्यावर वहिनी म्हणाली, मेळाव्याला बाप एकटाच येतो, मोटारसायकलवर मागची सीट पोत्याची असते. बहिणीनं विचारलं, बाया का येत नाहीत? त्यावर त्यांचा वेगळाच वाद सुरू झाला, तो इथं देत नाही.

ताई: बरं, एक शेवटचं. शून्य सावली.

वहिनी: म्हणजे?

ताई: परभणी सव्वाएकोणीस अक्षांशाच्या जरा वर आहे. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामध्ये राहणाऱ्यांच्या डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा अगदी नेमका येतो. परभणीत तो दिवस १७ मेच्या आसपास येतो. दुसरा जुलैच्या शेवटी, पण तेव्हा ढग असतात. त्या दिवशी दुपारी सरळ उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. लंडनला, न्यूयॉर्कला हे कधीच दिसत नाही. दिल्लीलाही नाही. तुम्ही म्हणालात ना, उन्हाळ्यातला कार्यक्रम तिकडून उसना आणलाय? हा घ्या आपला स्वतःचा, ऐन चव्वेचाळीस अंशांतला.

वहिनी: भर दुपारी लेकरं बाहेर काढायची?

ताई: दोन मिनिटं. ओसरीतून उतरायचं, बघायचं, परत आत.

वहिनी: दोन मिनिटं चालेल. डोक्याला रुमाल बांधून.

तर माझा निकाल असा, दोघींना विचारून नव्हे, वयाच्या अधिकारानं. परभणीत उन्हाळी निसर्ग कार्यक्रम व्हावेत. पहाटे साडेपाचला सुरू व्हावेत आणि आठच्या ठोक्याला संपावेत, एक मिनिटही पुढं नाही. तंबू नको, शेकोटी नको, प्रमाणपत्र तर अजिबात नको. प्रवेश फुकट असावा. महापालिकेनं मे महिन्यात बागांची फाटकं पहाटे पाचला उघडावीत, माठात पाणी ठेवावं आणि सांगणाऱ्यांना मानधन द्यावं. विद्यापीठानं १८ मेच्या मेळाव्यात मुलांसाठी एक मांडव घालावा आणि आईसह येणाऱ्या मुलांसाठी पालम, सोनपेठ, गंगाखेडहून एकेक गाडी सोडावी. ऊसतोडीहून परतलेल्या मुलांना बोलवायचं असेल तर ऐकायला बोलावू नये, सांगायला बोलवावं, आणि त्यांना सांगायचं नसेल तर पंख्याखाली झोपू द्यावं.

हे सगळं होईल तेव्हा होईल. येत्या १७ मेच्या आसपास तुम्ही परभणीत किंवा जवळपास असाल तर अंगणात एक काठी ओळंब्यानं सरळ रोवा, घरातल्या लेकरांना आणि म्हाताऱ्यांना हाक मारा आणि दुपारी सव्वाबारा ते साडेबारा तिच्या बुडाशी लक्ष ठेवा.